वाचकांचे प्रश्न : ग्राइंडर इटलीचा, तैवानचा की चीनचा?

प्रश्न : घरी एस्प्रेसो मशीन आलं, 58 मि.मी.चा पोर्टाफिल्टर (पावडर भरायचा दांड्याचा कप) आहे. आता ग्राइंडरवर घोडं अडलंय. दुकानदार म्हणतो, घ्यायचा तर इटलीचाच, चायना माल वर्षभर टिकत नाही. मुलगा तैवानचा घ्या म्हणतो. देश पाहून घ्यावा का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : देश पाहा, पण खोक्यावर छापलेल्या एका नावावर थांबू नका. ते नाव बहुतेक वेळा शेवटची जोडणी कुठे झाली एवढंच सांगतं. ग्राइंडरचा जीव असतो दळणाऱ्या जोडीत, म्हणजे बर्रमध्ये, आणि ती जोडी अनेकदा दुसऱ्याच देशातून आलेली असते. निश झिरो या ग्राइंडरचं बघा. कंपनी ब्रिटिश, जोडणी चीनमध्ये आणि आतले 63 मि.मी.चे शंकूच्या आकाराचे बर्र इटलीतल्या मात्झेरचे. याला चिनी म्हणायचं की इटालियन? बराट्झा मूळची अमेरिकन, 2020 पासून ब्रेव्हिलच्या मालकीची. तिचा एन्कोर ग्राइंडर बनतो तैवानात, बर्र येतात युरोपातून. उलट युरेका फ्लोरेन्सजवळ आणि मात्झेर व्हेनिसजवळ आपली यंत्रं तिथेच बनवतात.

इटालियन यंत्राचे जास्तीचे पैसे कशाचे, तर कॅफेतल्या मोठ्या ग्राइंडरची घडण घरच्या आकारात मिळते : दमदार इंडक्शन मोटर आणि टप्पे नसलेला स्क्रू, ज्याने दळण केसभरही हलवता येतं. एस्प्रेसोला हीच गोष्ट लागते. 18 ग्रॅम पावडरीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरायला हवी, आणि स्क्रू किंचित फिरला की वेळ दोन-चार सेकंदांनी सरकते.

डीएफ64सारख्या चिनी यंत्रांत 64 मि.मी.चे सपाट बर्र असतात. हे माप सर्रास वापरलं जात असल्याने पुढे इटलीचे किंवा दक्षिण कोरियातल्या एसएसपीचे बर्र त्यात बसवता येतात. वर्षभरात भंगार होतात हे काही खरं नाही. खरी अडचण वेगळी आहे : नगाला नग सारखा नसतो. एकात दोन्ही चकत्या समांतर बसलेल्या, दुसऱ्यात एक बाजू जरा उचललेली. वाकडं बसलेलं जातं जसं एकीकडे पीठ आणि दुसरीकडे भरड टाकतं, तसंच इथे होतं. पाणी भरडीतून पळतं आणि कॉफी एकाच घोटात आंबटही लागते, कडूही.

सपाट बर्रचा ग्राइंडर घरी आला की हे तपासता येतं. प्लग काढा. वरची चकती उघडून तिच्या बाहेरच्या कडेच्या सपाट पट्टीवर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा. परत बसवून स्क्रू बारीककडे नेत खालची चकती हाताने फिरवा. घासल्याचा हलका आवाज आला की एक-दोन फेरे देऊन थांबा. उघडून पाहा. शाई गोलभर सारखी पुसली गेली असेल तर काम चोख आहे. अर्धीच पुसली असेल तर आधी चकतीच्या बैठकीत अडकलेली पावडर ब्रशने साफ करा आणि चकती धरणारे तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं. तरीही फरक राहिला तर जिथली शाई शाबूत आहे, तिथे चकतीखाली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा सरकवून पुन्हा बघा.

टिकण्याचा हिशेब असा. रोज 18 ग्रॅमचे दोन डबल शॉट म्हणजे 36 ग्रॅम दाणे, वर्षाला साधारण 13 किलो. चांगले स्टीलचे बर्र शेकडो किलो दळतात, म्हणजे ते झिजायची वाट तुमची नातवंडं बघतील. बिघडतं ते दुसरंच : स्विच, मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर, हॉपरची (दाणे भरायच्या भांड्याची) प्लास्टिकची खिटी, टायमरचं सर्किट बोर्ड. त्यामुळे दुकानदाराला ‘कुठला आहे’ विचारण्याआधी ‘हे सुटे भाग कोण देईल’ ते विचारा. 2011च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला असायलाच हवा. तो पत्ता नसेल तर ग्राइंडर कोणत्याही देशाचा असो, नागपुरात तो अनाथच.

प्रश्न : लेक न्यू जर्सीहून दिवाळीला येतेय. तिकडे ग्राइंडर स्वस्त पडतो म्हणते. मागवू का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : तिला ग्राइंडरच्या बुडाच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. ‘100–240 व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. ‘120 व्होल्ट, 60 हर्ट्झ’ असेल तर जपून. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर 230चे 120 व्होल्ट करतो, पण आपल्याकडचे 50 हर्ट्झ बदलत नाही. इंडक्शन मोटर मग सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते. शिवाय मोटर सुरू होताना मोठा झटका घेते, म्हणून ट्रान्सफॉर्मर ग्राइंडरच्या वॅटच्या तिप्पट तरी हवा. एवढं ओझं, त्यात तिकडची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. बचत कुठे उरली?

युरोपातून आणणाऱ्यांचा घोळ निराळा आहे. तिथल्या गोल दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग बाजूच्या पत्र्यांतून मिळतं. तो आपल्या सॉकेटमध्ये ढिला का होईना, शिरतो आणि यंत्र चालतं, पण अर्थिंग जोडलेलंच नसतं. धातूची बॉडी आणि ओटा ओला! इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनांचा प्लग लावून घ्या.

प्रश्न : मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात बीन्स दळले तर नाही का चालत?
— एक वाचक, महाल

उत्तर : एस्प्रेसोला नाही. पातं दाणा कापतं, दळत नाही. निम्मं पीठ आणि निम्मी कणी. दक्षिणी फिल्टरला निभून जाईल. विजेचा ग्राइंडर परवडत नसेल तर हाताचा घ्या, पण इथेही देशाच्या नावावर भाळू नका. जर्मनीच्या कोमांडांटेचा दबदबा मोठा, पण त्याच्या मूळ रचनेत दळण बारीक-जाड करताना एका क्लिकला साधारण 30 मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) उडी पडते, म्हणून एस्प्रेसोवाले त्यात बारीक टप्प्यांचा वेगळा रेड क्लिक्स दांडा बसवतात. तैवानच्या वनझीप्रेसोच्या जे-अल्ट्राची उडी मुळातच 8 मायक्रॉनची. आणि मिक्सरची पाती साफ करायला तांदूळ फिरवतात, तसं कोणत्याही ग्राइंडरमध्ये करू नका. कोरडा तांदूळ कॉफीपेक्षा कडक असतो, मोटर अडते.

प्रश्न : इटालियन ग्राइंडर आहे, पण नवतप्यात गुरगुरतो आणि थांबतो. पावडर चहूकडे उडते ती वेगळीच. माल खोटा निघाला का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : माल नाही, व्होल्टेज. गल्लीतले कूलर आणि एसी एकदम चालू झाले की दाब पडतो, आणि इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. 230चे 190 झाले की जोर दोन-तृतीयांशावर येतो. रिकामा ग्राइंडर आधी चालू करा, आवाज स्थिरावला की मग दाणे टाका. नुसता गुरगुरून फिरत नसेल तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. सकाळी व्होल्टेज ठीक असतानाही तसंच झालं तर दोन गोष्टी बघायच्या : कपॅसिटर, आणि बर्रमध्ये अडकलेला खडा. आपल्याकडचे दाणे अंगणात वाळवतात, त्यात क्वचित खडा येतो. परातीत पसरून तांदळासारखे निवडून घ्या.

पावडर उडते ती कोरड्या हवेतल्या स्टॅटिकमुळे, म्हणजे घासून तयार होणाऱ्या स्थिर विजेमुळे. 18 ग्रॅम दाण्यांवर स्प्रेने पाण्याचा एक फवारा मारा, हलवा, मग दळा. हॉपर भरून ठेवत असाल तर मात्र हा उपाय नको, ओल्या दाण्यांनी आतलं स्टील गंजतं.