धाकटीला झापलंत, त्याला का नाही?

प्रश्न: मुलगा नववीत आहे. सहामाहीत गणितात 80 पैकी 22 मार्क पडले. आम्ही एका शब्दानं बोललो नाही, "असू दे बाळा" म्हणून जवळ घेतलं. तरी म्हणतो, "मला गणिताचं डोकंच नाही, सायन्स नकोच." कलचाचणी करून घ्यावी का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, कलचाचणी आत्ता नको. सायन्स, कॉमर्स की डिप्लोमा, हे ठरवायला अजून दीड वर्ष आहे. आणि "डोकंच नाही" असं धरून बसलेलं पोरगं चाचणीतही आकडे दिसले की प्रश्न सोडून देतं.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. त्याच आठवड्यात दुसरीतल्या धाकटीनं पाढे चुकवले, तेव्हा तिला चांगलंच झापलंत. ती 'आई रागावली' म्हणून तासाभरात विसरली असेल. मोठ्यानं मात्र हिशेब मांडला: हिला जमण्यासारखं आहे म्हणून ओरडा, माझ्याकडून होणारच नाही म्हणून माया. तालमीत वस्ताद एखाद्यावर ओरडायचेच थांबले, की त्या पोराला जे कळतं, तेच.

सँड्रा ग्रॅहॅम यांचा 1984 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग आहे. सहावीच्या मुलांना कोडी घातली, ती त्यांना सुटली नाहीत. मग काहींची कीव केली, काहींवर राग दाखवला. कीव वाट्याला आलेल्यांनी कारण दिलं, आपली कुवत कमी. राग वाट्याला आलेल्यांनी म्हटलं, आपण प्रयत्न कमी केले. कष्ट वाढवता येतात. कुवत मात्र मुलांना जन्माची वाटते, म्हणून ती हात टेकतात. (म्हणून उद्यापासून ओरडायला लागू नका हं. ठरवून आणलेला राग पोरं लगेच ओळखतात.)

तुम्ही पाठवलेला पेपर मी बघितला. बीजगणितात 15, भूमितीत 7. समीकरणं मांडलीत बरोबर, पण पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदललेलं नाही, तेही तीन ठिकाणी. भूमितीत पक्ष लिहिलाय, साध्य लिहिलंय, सिद्धतेची जागा कोरी. काविळीनं महिनाभर घरी होता म्हणता. ती प्रमेयं नेमकी तेव्हाच शिकवून झाली. यात डोक्याचा प्रश्न मला तरी कुठं दिसला नाही.

त्याच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं काम आहे ना? जॉब बिघडला तर ते टूल झिजलंय का, माप कुठं चुकलं, हेच बघत असणार. रविवारी त्यांनाच पेपर घेऊन त्याच्याशेजारी बसू द्या. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढं कारण मुलानंच लिहायचं: चिन्ह चुकलं, धडा बुडाला, वेळ पुरला नाही. 'येत नाही' असं लिहिलं तर "कुठल्या पायरीला अडलं?" एवढंच विचारायचं. बुडालेली प्रमेयं आधी करून घ्या.

दहावीत गेला की घेऊन या, कलचाचणीचं तेव्हा बघू. येताना हा पेपरही आणा.