ट्रान्झिस्टर लहान करू की कोअर वाढवू?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोसेसर डिझाइनमध्येच काम करायचं ठरवलंय. सर्किट आणखी लहान करण्याकडे वळू की मल्टिकोअरकडे, म्हणजे एकाच चिपवर अनेक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसर) बसवण्याकडे? पुढे काय टिकेल?

उत्तर : या दोन वाटांची शर्यत लावू नकोस. मुळात सर्किट लहान झालं म्हणूनच कोअर वाढले. पूर्वी ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, लहान झाला की व्होल्टेजही उतरायचं, त्यामुळे चिप जास्त न तापवता क्लॉक, म्हणजे चिपच्या कामाचा ठोका, वाढवता यायचा. मग बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळू लागला आणि व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास अडलं. २००४ मध्ये इंटेलने पेंटियम-४ची ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती रद्द केली, ३.८ वरच गाडी थांबली. ट्रान्झिस्टरची संख्या मात्र वाढतच होती. मग त्यांतून दुसरा कोअर बसवला.

हिशेब करून बघ. चालू सर्किटला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असते. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवली, तर वीज जवळपास निम्मी होते. म्हणजे तेवढ्याच विजेत दोन कोअर आणि १.६ पट काम. कागदावर! कारण प्रोग्रॅमचा १० टक्के भाग एकापाठोपाठ एकच चालणारा असेल, तर ८ कोअर लावूनही वेग ४.७ पटच वाढतो, आणि कितीही कोअर लावले तरी १० पट गाठता येत नाही. १९६७ मध्ये संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालने मांडलेला मुद्दा हाच.

आता तुझ्याबद्दल. खरोखर ट्रान्झिस्टरच लहान करायचा असेल, तर तो विषय डिव्हाइस फिजिक्स आणि मटेरियल्सचा. एमटेक किंवा पीएचडीची तयारी ठेव. अत्याधुनिक फॅब (चिप बनवणारे कारखाने) जगात मोजक्याच आहेत, हेही ध्यानात असू दे. बीईनंतर लगेच नोकरी हवी असेल, तर फिजिकल डिझाइन (सर्किटची चिपवरची प्रत्यक्ष मांडणी) आणि व्हेरिफिकेशन (डिझाइन बरोबर चालतं का, याची तपासणी) ही जवळची दारं. व्हेरिफिकेशनला मुलं उगाच नाकं मुरडतात. मल्टिकोअरमधले सगळ्यात चिवट बग तिथंच पकडले जातात.

सुट्टीत व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअर लिहून मांडायची भाषा) छोटा रिस्क-फाइव्ह (सर्वांना खुला असलेला प्रोसेसरचा सूचनासंच) कोअर लिही. मग तसे दोन कोअर एकाच मेमरीला जोड आणि प्रत्येकाला वेगळी कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) दे. एकाने बदललेली किंमत दुसऱ्याला जुनीच दिसेल. ते निस्तरताना रात्र कशी गेली कळलं नाही, तर आर्किटेक्चर किंवा व्हेरिफिकेशन घे. त्यापेक्षा टायमिंग (सिग्नल वेळेत पोचतात का) आणि लीकेजचे (गळणाऱ्या करंटचे) रिपोर्ट चाळण्यात जास्त रस वाटला, तर फिजिकल डिझाइन. कॉम्प्युटर आर्किटेक्चर हे इलेक्टिव्ह मात्र दोन्हीसाठी घेच.