केग घरी भरता येतो, पण नरसाळ्याने नाही

तुम्ही विचारलंय की रिकामा झालेला केग, म्हणजे बिअरचं पिंप, घरीच परत भरता येतो का, आणि आत स्वच्छ धुऊन वरून नवी बिअर ओतली तर चालेल का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, अजिबात नाही. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या साडूंचं वाजलेलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्याकडे १९ लिटरचा, अंडाकृती झाकणाचा कॉर्नी केग आहे असं धरून चालतो.

साडूंचं म्हणणं, "अहो, केग म्हणजे शेवटी झाकणाची टाकी. धुवा आणि भरा, त्यात काय एवढं!" ते मोठं नरसाळं लावून वरून धो धो ओततात. काही आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, सोनेरी रंग मातकट होतो, हॉपचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, वास गायब. मग दोष यीस्टचा, नंतर माल्टचा, मग पाण्याचा. शेवटी माझ्या केगचा! कारण तो केग मीच त्यांना दिला होता. चारचौघांत "तुमचा केगच खराब निघाला" म्हणाले, तेव्हा मी तो त्यांच्यासमोरच खोलायला घेतला.

आधी झाकणावरचा व्हॉल्व्ह ओढून दाब पूर्ण सोडला, मग पान्याने बिअरच्या बाजूचा पोस्ट (नळी जोडायचं तोंड) काढला आणि तळापर्यंत जाणारी लांब नळी बाहेर ओढली. तिच्यात बारीक ब्रश घातला तर दुसऱ्या टोकाने तपकिरी, बुळबुळीत गाळ निघाला. पोस्टमधल्या स्प्रिंगला हॉपचा चोथा अडकलेला. यांनी नळी कधी काढलीच नव्हती, टाकीत नुसतं गरम पाणी खळबळून ओतून द्यायचे. हे बघून साडू काय म्हणाले असतील? "हा गाळ तर नळीत होता, त्याचा चवीशी काय संबंध?"

संबंध आहेच. ग्लासात येणारा प्रत्येक घोट त्याच नळीतून येतो. पण एका बाबतीत त्यांचं बरोबर होतं: पुठ्ठ्याची चव गाळाची नव्हती, हवेची होती. तयार बिअरला ऑक्सिजन लागला की ती शिळी होणारच, केग कितीही चकाचक असो. वरून ओतताना तुम्ही ती हवेत अक्षरशः घुसळत असता.

म्हणून केग भरायचा तो खालून. सुटे भाग अल्कलीच्या क्लीनरने धुवा (ब्लीच नको, स्टीलला खड्डे पडतात). मग नंतर पाण्याने धुवून काढावा लागत नाही अशा सॅनिटायझरने (जंतुनाशकाने) केग काठोकाठ भरा, झाकण लावा आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने तो सगळा बिअरच्या पोस्टमधून बाहेर ढकला. आता आत हवा जवळजवळ नाहीच, नुसता गॅस आहे. मग झाकण न उघडता फर्मेंटरची (बिअर आंबवायच्या भांड्याची) नळी त्याच पोस्टला जोडा आणि झाकणावरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. बिअर तळापासून शांतपणे चढते. ती गार असेल तर स्टीलवर बाहेरून दव धरतं आणि त्या दवाची रेघ वर सरकताना दिसते. ती गॅसच्या आखूड नळीपर्यंत पोचायच्या आत थांबा. दव धरत नसेल तर केग वजनकाट्यावर ठेवून भरा.

मग गॅसचा ३० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) एक झटका देऊन झाकण बसवा आणि कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. ३-४ अंश सेल्सिअसला १०-१२ पीएसआयवर आठ-दहा दिवस ठेवलं की गॅस मुरतो. केग आडवा करून हलवत बसणारे लोक मला आवडत नाहीत, पण घाई असेल तर तेही चालतं.

साडूंसाठी एकाच वेळी केलेली बिअर दोन केगमध्ये भरली, एक त्यांच्या पद्धतीने, एक माझ्या. महिन्याभराने त्यांनी माझ्या केगमधून दोन ग्लास घेतले आणि म्हणाले, "तुमची जास्त गार आहे, म्हणून बरी लागते." दोन्ही केग एकाच फ्रिजमध्ये होते.

हो, एक राहिलंच, आणि खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. तुमचा केग बारमध्ये असतो तसला, मधोमध एकच तोंड असलेला असेल तर वरचं सगळं विसरा. त्याची मधली दांडी दाबाखाली असताना सुटली तर गोळीसारखी उडते, माणसं मेलेली आहेत त्याने. शिवाय तो केग बहुतेक वेळा ब्रुअरीच्या मालकीचा असतो, परत करून डिपॉझिट घ्या. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे केगही भरू नका. गॅसचा सिलिंडर कोंदट खोलीत नको, गळती झाली तर गुदमरायला होतं. आणि घरी बिअर करणं तुमच्याकडे कायद्यात बसतं का, तेवढं बघून घ्या.