मुंबई बंदरात जुन्या लाकडी बोटी आणि जे-२४ यांची एकत्र रेगाटा भरवायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की सात सीबर्ड (जुन्या लाकडी शिडाच्या बोटी) आणि आठ जे-२४ (चोवीस फुटी शर्यतीच्या शिडाच्या बोटी) हाताशी आहेत, शनिवार-रविवार रेगाटा म्हणजे शिडांच्या शर्यती घ्यायच्यात, आणि आधी प्रायोजक गाठावा की परवानग्या, यावर मंडळी अडलीत. माझं म्हणणं, दोन्ही थोडं थांबू द्या. आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि तिथी बघा.

मी बरीच वर्षं रेस कमिटीत काम करतोय. आमची पहिली मोठी रेगाटा आम्ही पौर्णिमेच्या शनिवारी ठेवली होती. हॉल मोकळा होता, पाहुणे येणार होते, एवढंच पाहिलं. कोकणातला जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याचे सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमाराला पाणी भरणार आणि दोन-तीन वाजता ओहोटी पूर्ण जोरात. समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरतो तोही नेमका त्याच वेळी. हिशोब येत होता, पण मांडला कोणीच नाही.

वारा पश्चिम-वायव्येचा, पाणी दक्षिणेकडे ओढतंय. स्टार्ट लाइनच्या डाव्या टोकाला आमचा बोया, म्हणजे नांगरलेली तरंगती खूण. शेवटच्या मिनिटाला सगळ्या बोटी त्या ओढीने बोयाकडे सरकत गेल्या. एका सीबर्डचं सुकाणू बोयाच्या नांगराच्या दोरात अडकलं आणि ती तिथेच आडवी झाली. तिच्या सुकाणूवर सत्तरीचे एक काका होते, बोट त्यांनी स्वतः दोन महिने घासून-रंगवून तयार केलेली. त्या दिवशी दोन्ही शर्यतींत त्यांच्या नावापुढे ‘पूर्ण केली नाही’ असं लागलं. दुसऱ्या शर्यतीत तर ते ओहोटीविरुद्ध शेवटच्या बोयापर्यंत येऊन पोचले होते आणि वेळेची मर्यादा संपली. चूक ना त्यांची, ना बोटीची. तारीख आम्ही चुकीची धरली होती. ते काका धक्क्यावर शीड घडी करत बसले होते, ते मला अजून दिसतं.

म्हणून अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा. आठाची पाऊणपट सहा. भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दुपारी सुकती, म्हणजे पाणी पूर्ण उतरलेलं, आणि मग हळूहळू भरणारं पाणी. शिवाय ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. मुंबईत उधाणाला पाणी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाला दीड मीटरच्या आसपास. ओढ किती कमी होते ते यावरून लक्षात येईल. अचूक वेळा छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या, पाऊणपट फक्त तारीख निवडायला. महिना फेब्रुवारी किंवा मार्च. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा मतलई वारा उशिरापर्यंत रेंगाळतो, मग मरतो, आणि तासभर सगळे आरशासारख्या पाण्यावर बसून राहतात. फेब्रुवारीत दीडची पहिली स्टार्ट ठेवलीत तर बहुतेक वेळा निभावतं.

आता दोन जातींच्या बोटींबद्दल. वन-डिझाइनचा सगळा अर्थ असा की बोटी सारख्या, म्हणून जो आधी पोचला तो जिंकला. गणित नाही, संथ बोटीला वेळेची सवलत नाही. जे-२४ हे १९७७ चं डिझाइन, चोवीस फुटी, खाली जड कील (तळाचा पाता), आणि माणसांचं एकूण वजन ४०० किलोच्या आत हा वर्गाचाच नियम. तेव्हा नोंदणीच्या टेबलाशी साधा वजनकाटा ठेवा आणि सगळ्यांना उभं करा, ओळखीच्यांनाही. बोटी क्लबच्या असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटा आणि दर शर्यतीला बदला. कोणाचं शीड नवं, कोणाचं झिजलेलं, ही कुरबूर तिथेच मिटते.

सीबर्ड वेगळी. या नावाचं मूळ डिझाइन १८९८ चं, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं, आणि आज जगात मोजक्याच ठिकाणी त्यांचा ताफा टिकून आहे. वीस फुटी लाकडी बोट, स्थिर कीलऐवजी वरखाली करता येणारं सेंटरबोर्ड. नेमकं बोलायचं तर ती कील-बोट नव्हेच, पण तुमच्या क्लासिक गटात तिचा मान पहिला. वाऱ्याच्या तोंडावर ती जे-२४ इतकी चढत नाही. दोघींना एका स्टार्टला सोडलंत तर सीबर्ड पहिल्या मिनिटातच दुसऱ्यांच्या शिडांच्या आडोशाला अडकते आणि बिचारी दिवसभर उष्टा वारा खात राहते. आधी जे-२४ सोडा, पाच मिनिटांनी सीबर्ड. सीबर्डना एक फेरी, जे-२४ ना दोन. दोन्ही वर्गांची पहिली बोट पन्नासेक मिनिटांत परतेल असं अंतर आखा. आणखी वेगवेगळ्या जुन्या बोटी आल्या तर त्यांचा तिसरा गट करा आणि तिथेच काय ती सवलतीची पद्धत लावा. ती पद्धत आमंत्रणाच्या कागदातच छापा. बोटी पाण्यात उतरल्यावर सांगितलेली सवलत कोणालाच पटत नाही.

स्टार्ट लाइनवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, म्हणून थोडं सविस्तर. लांबी किती? बोटींची संख्या गुणिले बोटीची लांबी, त्याच्या दीडपट. आठ जे-२४, प्रत्येकी ७.३ मीटर, म्हणजे ५८. दीडपट केली की ९० मीटरच्या आत-बाहेर. यापेक्षा आखूड ठेवली तर ठोकाठोकी, फार लांब ठेवली तर मधल्या बोटींना आपण रेषेच्या अलीकडे की पलीकडे हेच कळत नाही. कमिटी बोटीच्या (रेषेच्या दुसऱ्या टोकाला उभ्या पंचांच्या बोटीच्या) नांगराला पाण्याच्या खोलीच्या पाचपट दोर सोडा. आठ मीटर पाणी तर चाळीस मीटर. आपल्या बंदराच्या चिखलात आखूड दोराचा नांगर घसरतो, आणि रेषा घसरली की स्टार्ट गेली. स्टार्टच्या आधी अर्धा तास, दर पाच मिनिटांनी वाऱ्याची दिशा होकायंत्राने बघून वहीत लिहायला एक माणूस बसवा. त्याला दुसरं काही काम देऊ नका, चहाही दुसऱ्याने आणावा.

झेंड्यांचा क्रम जागतिक नियमांत ठरलेला आहे: पाच मिनिटं असताना वर्गाचा झेंडा वर, चार मिनिटांना तयारीचा झेंडा वर, एक मिनिटाला तो खाली, शून्याला वर्गाचा झेंडा खाली. वेळ झेंड्यावरून धरायची, आवाजावरून नाही. भोंगा वाजला नाही म्हणून स्टार्ट रद्द होत नाही, हे आधीच्या बैठकीत सगळ्यांना मोठ्याने सांगा. तयारीसाठी पहिल्यांदा ‘पी’ झेंडाच लावा, तो सगळ्यात सौम्य. गर्दी करून दोनदा सगळ्यांना परत बोलवावं लागलं तर त्याहून कडक ‘यू’ लावा. काळा झेंडा सगळ्यात कडक, त्यात शेवटच्या मिनिटाला रेषेपुढे गेलेली बोट थेट बाद; त्याला हात घालायची घाई नको. पुण्याहून रजा टाकून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी बाद करण्याइतकं काही बिघडलेलं नसतं.

बोये कुठे टाकायचे ते नकाशावरून ठरवू नका. घारापुरी आणि मांडव्याच्या लाँचा कुठून जातात, कोळ्यांची जाळी कुठे लागलेली असतात, हे एखाद्या तांडेलाला (मच्छीमार होडीच्या प्रमुखाला) बोटीत बसवून आदल्या आठवड्यात विचारा. आम्हाला एका तांडेलाने सांगितलं होतं, ‘इथे टाकाल तर तुमचा बोया नाही, माझं जाळं जाईल.’ आम्ही तीनशे मीटर सरकलो आणि पुढे दोन्ही दिवस त्यानेच गरजेला आपली होडी दिली. मग ठरलेली जागा कागदावर आखून बंदर प्राधिकरण, नौदल, पोलीस यांच्याकडे अर्ज करा, किमान दोन महिने आधी. नेमका नकाशा आणि वेळा जोडलेला अर्ज लवकर हलतो.

गुण मोजणं सोपं: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, ज्याची बेरीज कमी तो वर. किती शर्यती झाल्यावर सगळ्यात वाईट एक वगळायची, ते आधी लिहून ठेवा. तक्रारी ऐकायला तीन माणसं, त्यातलं एकही स्पर्धक नको. लाइफ जॅकेट सगळ्यांना, सगळा वेळ. जेवण, ट्रॉफ्या, टी-शर्ट हे तुमच्यातल्या उत्साही लोकांवर सोडा, ते छान करतील. आणि हो, १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या होत्या. फायरबॉल वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं. प्रायोजकाकडे जाताना हे जरूर सांगा.

सीबर्ड किनाऱ्यावर कोरड्या ठेवलेल्या असतील तर निदान आठवडाभर आधी पाण्यात सोडा. लाकूड सुकून आक्रसतं, फळ्यांच्या फटी उघडतात. पहिले दोन दिवस इतकं पाणी आत येतं की नवा माणूस घाबरतो. रोज सकाळ-संध्याकाळ उपसत राहायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळ्या फुगतात आणि तळ जवळजवळ कोरडा राहायला लागतो. तेव्हाच डोलकाठी चढवा.

फेब्रुवारीत अष्टमीच्या जवळचा शनिवार कोणता येतो ते बघून मला कळवा. त्या दिवसाचा तक्ता घेऊन बोयांच्या जागा आपण मिळून ठरवू.