जेनेकर लावलं, भरलं, पडलं

प्रश्न असा आहे: "माझा भाऊ २२ मीटर लांबीच्या शिडाच्या यॉटवरून कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला गेला. त्याची इंग्रजी डायरी आईला वाचता यावी म्हणून मी मराठीत उतरवते आहे. त्यात पानोपानी 'गेनाकर' येतं. याला मराठीत काय म्हणतात? मी 'फुगाशीड' लिहिलंय, चालेल का? आणि मूळ शब्दच ठेवायचा तर तो, ती की ते?"

हे एका शिडाचं नाव आहे. उच्चारापासून सुरुवात करते. पहिलं अक्षर 'जे', 'जेवण'मधलं. मधला स्वर इंग्रजी बोलण्यात इतका पुसट असतो की 'जेनकर' असंही ऐकू येतं. मी 'जेनेकर' लिहिते. रोमन लिपीत दोन एन दिसतात म्हणून 'जेन्नाकर' लिहू नका, तिथे जोडाक्षर कुणीच उच्चारत नाही.

शब्द दोन शिडांच्या नावांचा सांधा आहे: जेनोआ आणि स्पिनेकर. जेनोआ म्हणजे डोलकाठीच्या पुढचं मोठं तिकोनी शीड, इतकं रुंद की त्याचा मागचा भाग डोलकाठी ओलांडून मागे येतो. १९२०च्या दशकात स्वीडनचे दर्यावर्दी स्वेन सालेन यांनी इटलीतल्या जेनोआ बंदरातल्या शर्यतीत ते वापरलं आणि गावाचं नाव शिडाला चिकटलं. स्पिनेकर त्याहून जुना, १८६०च्या दशकातला. 'स्फिंक्स' नावाच्या इंग्लिश यॉटशी त्याचा संबंध जोडतात. पाठीमागून वारा असताना पुढे फुगणारं, डावी-उजवी बाजू अगदी सारखी असलेलं ते शीड. ते ताणून धरायला डोलकाठीपासून बाहेर एक आडवा दांडा लावावा लागतो आणि तो सांभाळायला माणसं लागतात. जेनेकर या दोघांच्या मधलं: स्पिनेकरसारखं पातळ आणि फुगीर, पण जेनोआसारखं एका बाजूला लांब, आणि पुढचं खालचं टोक नौकेच्या पुढच्या भागाला बांधलेलं. आडव्या दांड्याची गरज नाही. मोठी यॉट आणि माणसं मोजकी अशा सफरींवर ते आवडतं व्हायचं कारण हेच.

आता मला या शब्दात फार आवडलेली गोष्ट. 'जेनेकर' मराठी कानाला आडनाव वाटतं. पुणेकर, सातारकर, तसं जेनेकर! आणि त्याचा पूर्वार्ध खरोखर एका गावाचं नाव आहे, त्यामुळे 'जेनोआचे ते जेनेकर' अशी फोड कुणालाही सुचेल. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातला 'कर' स्पिनेकरच्या शेपटातून आलाय. पण अनुवाद करताना या योगायोगाचा त्रास होतो. "जेनेकराने वेग घेतला" असं लिहिलंत तर तुमच्या आईंना वाटेल की बोटीवर जेनेकर नावाचे कुणी गृहस्थ आहेत.

म्हणून लिंग आणि सामान्यरूप दोन्ही जपून निवडावं लागेल. माझं मत स्पष्ट आहे: ते जेनेकर. आपण परका शब्द घेतो तेव्हा बरेचदा त्याच जातीच्या मराठी शब्दाचं लिंग त्याला देतो, आणि इथे मनात शीड आहे, ते शीड. सामान्यरूपात 'रा' आणू नका: जेनेकरला, जेनेकरचं, जेनेकरमध्ये. टायरला, पेपरला, कॉलरला म्हणतो तसं. नपुंसकलिंगी क्रियापद सोबत आलं की आडनावाचा भास आपोआप जातो. "जेनेकर फाटलं" यात कुणाला माणूस दिसणार नाही.

'फुगाशीड' का नको? शब्द गोड आहे, बोलायला सोपा आहे, पण तो स्पिनेकरचं वर्णन करतो. फुगा सगळीकडून सारखा असतो, जेनेकर तसं नसतं आणि त्याचं सगळं वागणं त्या असमानतेतून येतं. आपल्याकडे म्हण आहे, वारा वाहील तशी पाठ द्यावी. जेनेकर लावलेल्या नौकेने वाऱ्याला अशी सरळ पाठ दिली की शीड मुख्य शिडाच्या आडोशाला जातं, त्याला वारा मिळत नाही आणि ते लुळं पडतं. त्याला वारा तिरका लागतो, मागच्या एका कुशीवरून. म्हणूनच वारा नेमका पाठीवर असला तरी नौका सरळ न जाता थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे अशी नागमोडी जाते. डायरीत दिशा बदलल्याच्या नोंदी वारंवार असतील तर त्या वाट चुकल्याच्या नाहीत, हे अनुवाद करताना ध्यानात ठेवा.

शेवटी मी 'जेनेकर' तसंच ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे "जेनेकर हे पातळ नायलॉनचं भलंमोठं शीड" एवढं म्हणायचं आणि पुढे निघायचं. आकाराचा अंदाज द्यायचा असेल तर एवढ्या यॉटचं जेनेकर अडीचशे चौरस मीटरच्या आसपास असू शकतं, म्हणजे तीन बॅडमिंटन कोर्टं शेजारी शेजारी. कापड चौरस मीटरला ६०-६५ ग्रॅमचं धरलं तर एवढ्या पसाऱ्याचं वजन सोळा किलो भरतं. आपल्या अंगातल्या सदऱ्याचं कापड त्याहून जाड असतं.

नाव परकं राहिलं तर बिघडत नाही, पण त्याच्या भोवतीची भाषा मराठीच हवी आणि ती आपल्याकडे आहे. कोळीवाड्यात होडीच्या पुढच्या निमुळत्या टोकाला नाळ म्हणतात. जेनेकरचं पुढचं टोक नाळेवर, किंवा नाळेच्याही पुढे काढलेल्या दांड्यावर बांधतात. शिडाचं मागचं खालचं टोक ज्या दोराने ओढायचं आणि सैल सोडायचं त्याला जुना शब्द दामण. मुळात फारसी दामन, वस्त्राचा घोळ किंवा पदर. इंग्रजीत या दोराचं नाव चादरीच्या नावासारखं आहे, त्यामुळे डायरीत 'चादर सैल केली' असं काही उतरवून ठेवलं असेल तर आधी दुरुस्त करा. शिडाच्या कडेला मी साडीसारखा काठ म्हणते. एकदा दामण आणि काठ हाताशी आले की सगळ्यात महत्त्वाचं कामही सोप्या मराठीत सांगता येतं: दामण हळूहळू सैल करत जायची, पुढचा काठ वरच्या बाजूला किंचित आत दुमडू लागला की थांबायचं आणि दुमड जाईल इतकीच ओढायची. जेनेकर बरोबर लागल्याची तीच खूण.

क्रियापदांबाबत माझा आग्रह जास्त आहे. शीड चढवतात किंवा उभारतात, मग ते भरतं. वारा गेला की पडतं, ओझं जास्त झालं की फाटतं, काम झालं की उतरवतात. इंग्रजी डायरीत एकच 'उडवलं' असतं, पतंगासारखं. ते शब्दशः आणू नका. आपल्याकडे "जेनेकर लावलं" पुरतं आणि "जेनेकर भरलं" यात तर चित्रच उभं राहतं.

आता 'खरा वारा' आणि 'भासमान वारा'. दुसरा शब्द अनुवादात पाहिला की मी हटकून खोडते, कारण त्यात भास काहीच नाही. शिडाला तोच वारा खराखुरा ढकलत असतो. मराठीत हा फरक रोजच्या बोलण्यात आहे: वारा वाहतो आणि वारा लागतो. सायकलवर पाठवारा असला की वारा असूनही अंगाला लागत नाही, उलट फिरलं की तोच थोबाडीत बसतो. तर वाहणारा वारा आणि लागणारा वारा. भावाच्या बोटीवर हा फरक जीवनमरणाचा होऊ शकतो. समजा पाठीमागून १८ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा वाहतोय आणि नौका ८ नॉटने पळतेय. लागणारा वारा उरला १०. डेकवर टीशर्टमध्ये बसून चहा प्यावा असं वातावरण. तेवढ्यात काही कारणाने नौका वळवून वारा बाजूला घेतला, वेग तोच ठेवला, तर लागणारा वारा जवळजवळ २० होतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्याच पातळ कापडावर चौपट भार. अटलांटिकमधले व्यापारी वारे दिवसच्या दिवस पाठीशी राहतात, त्यामुळे वारा वाढत गेल्याचं लवकर उमगत नाही. "वारा वाढतोय असं वाटलं नाही" असं वाक्य डायरीत असेल तर ते "वारा वाढला होता, पण लागत नव्हता" असं करा. आईंना लगेच कळेल.

एक शब्द मात्र मी तुम्हाला आनंदाने देणार आहे: खोळ. मोठ्या यॉटवर जेनेकर बऱ्याचदा एका लांबलचक कापडी नळीत भरलेलं असतं. इंग्रजीत तिला मोजा म्हणतात, पण आपली उशीची खोळ त्याहून नेमकी आहे. मी स्वतः कॅनरी बेटांच्या आसपास सोळा मीटरच्या यॉटवर दहा दिवस होते, तेव्हा ही खोळ हाताळली आहे. आधी खोळीसकट सगळा लांबुडका गोळा डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवायचा. खोळीच्या तोंडाशी फायबरचं एक मोठं कडं असतं आणि त्याला दोर. दोर ओढला की कडं वर सरकतं आणि खालून शीड उलगडत, सळसळत बाहेर येतं. वारा लागला की फट्ट असा आवाज होतो आणि क्षणात सगळं आकाश भरून जातं. उतरवताना उलटा क्रम, पण आधी सुकाणूवरचा माणूस वारा अजून पाठीवर येईल अशी नौका वळवतो, म्हणजे जेनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला येतं. मग दामण पूर्ण सैल. शीड पडलं की कडं खाली ओढायला घ्यायचं. पहिल्या दिवशी मी घाईने आडोसा मिळण्याआधीच ओढायला लागले तर दोरानेच मला चवड्यांवर उभं केलं. आडोसा मिळाल्यावर तेच कडं एका हाताने खाली आलं. हल्ली पुष्कळ नौकांवर खोळीऐवजी गुंडाळी असते, पिळाच्या दोराभोवती शीड वरून खाली गुंडाळत आणणारी. तिथे "जेनेकर गुंडाळलं" लिहा. खोळ असेल तिथे "खोळीत घेतलं".

'यॉट'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एवढं सांगते. यॉट म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर धनिकांची इंजिनाची बोट येते. म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या ५६ फुटी नौका गोव्यात बांधल्या. म्हादेईवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तारिणीवरून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये. त्यांच्याबद्दल बोलताना आपण 'शिडाची नौका' सहज म्हणतो. भावाचीही तशीच, फक्त थोडी लांब.

डायरीतल्या ज्या तीन ओळी तुम्ही पाठवल्यात, त्या मी अशा लिहीन: "दुपारी वारा मंदावला म्हणून जेनेकर लावलं. दोन तास छान भरलेलं होतं, नौका आठ नॉटने पळाली. संध्याकाळी क्षितिजावर काळा ढग दिसला, तेव्हा आडोशाला घेऊन खोळीत उतरवलं, आणि पंधरा मिनिटांत पाऊस आला."