विनिपेगच्या घरातलं सरकतं काचेचं दार

ताई, तुम्ही नाशिकहून कॅनडात विनिपेगला येताय. १९८०च्या दशकातलं एक टाउनहाउस जवळजवळ पक्कं झालंय आणि जेवणाच्या टेबलाशेजारी अंगणात उघडणारं सरकतं काचेचं दार जुनं आहे. ते बदलायचं तर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. विकणारा म्हणतो, काच डबल आहे, काळजी नको. मी इथे बारा हिवाळे काढलेत आणि आमच्या पहिल्या घरातही असंच दार होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी सौद्याचे कागद बघा. टाउनहाउस काँडो पद्धतीचं, म्हणजे आपल्या सोसायटीसारखं सामाईक मालकीचं असेल तर बाहेरची दारं-खिडक्या बऱ्याचदा सामाईक मालमत्तेत धरतात. मग दार कधी आणि कोणतं बसवायचं हे तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही. सही करण्याआधी वकिलाला हा प्रश्न विचाराच.

आता दाराकडे वळू. नाशकात स्लायडिंगच्या फटीतून वारा आला तर आपण खुर्ची थोडी सरकवून बसतो. इथे जानेवारीत काही रात्री पारा उणे ३०च्याही खाली जातो आणि घरात आपल्याला २० अंश हवे असतात. म्हणजे त्या काचेच्या दोन बाजूंना ५० अंशांचा फरक. सहा फूट रुंद आणि ८० इंच उंच दार साधारण ३.७ चौरस मीटर भरतं. साध्या दुहेरी काचेतून अशा रात्री जवळपास ५२० वॉट उष्णता सतत बाहेर जाते. चांगल्या तिहेरी काचेच्या दारातून २२०च्या आसपास. आणि तेवढ्याच आकाराच्या, आत इन्सुलेशन भरलेल्या भिंतीतून फक्त ६०. दार कितीही भारी घेतलं तरी ते भिंतीची बरोबरी करत नाही. म्हणून सहा फुटांचं दार काढून आठ फुटांचं बसवायचा मोह कोणी दाखवला तर नको म्हणा.

हे आकडे येतात यू-फॅक्टरवरून, म्हणजे दारातून उष्णता किती सहज निसटते त्याच्या मापावरून. तो जितका कमी तितकं दार चांगलं. २०२०पासून कॅनडात एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या शिक्क्यासाठी सगळ्या देशाला एकच निकष आहे: यू-फॅक्टर जास्तीत जास्त १.२२ किंवा एनर्जी रेटिंग कमीत कमी ३४. अमेरिकन माहितीपत्रकात ०.२२ असा आकडा दिसला तर हुरळू नका, त्यांचं एकक वेगळं आहे. त्याला ५.६८ने गुणलं की इथला आकडा मिळतो, म्हणजे १.२५. आणखी एक, विक्रेते कधी कधी फक्त काचेच्या मध्यभागाचा आकडा सांगतात. चौकटीसकट पूर्ण दाराचा आकडा मागा.

एनर्जी रेटिंगमध्ये आत येणारं ऊनही धरलेलं असतं, त्यामुळे दाराची दिशा महत्त्वाची. डिसेंबरात भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर असतो आणि दक्षिणेकडच्या काचेतून ऊन थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. त्या उन्हात पाठ शेकत बसायचं सुख इथे आल्यावरच कळेल. दार दक्षिणेला असेल तर ऊन आत घेणारी काच निवडा. पश्चिमेला असेल तर जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत ऊन तोंडावर असतं, तिथे ऊन रोखणारी बरी. उत्तरेला असेल तर फक्त यू-फॅक्टर बघा.

काचेत तीन तावदानं, लो-ई लेप (उष्णता परत आत फेकणारा अतिपातळ थर), मध्ये आर्गॉन वायू आणि कडेला वॉर्म-एज स्पेसर, म्हणजे तावदानांमध्ये अंतर ठेवणारी, थंडी कमी वाहणारी पट्टी असावी. जुन्या दारांत तो स्पेसर ॲल्युमिनियमचा असतो, आणि काचेच्या कडेने बर्फाची झालर धरते ती त्याच्यामुळेच. खोलीकडच्या अगदी आतल्या पृष्ठभागावर जादा लो-ई लेप देऊ का, असं विचारतील. कागदावर आकडा सुधारतो, पण त्या लेपामुळे आतली काच अधिक गार राहते आणि तिच्यावर पाणी लवकर साचतं. मी तो घेणार नाही. चौकट फायबरग्लासची सर्वात चांगली, कारण ती काचेइतकीच आकसते-फुगते. बजेट कमी असेल तर चांगल्या बनावटीची व्हायनिलची (पीव्हीसी प्लास्टिकची) चालेल.

विकणाऱ्याचा शब्द पारखायचा असेल तर संध्याकाळी काचेसमोर लायटर पेटवा. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, तिहेरीत सहा. त्यातलं एखादं वेगळ्या रंगाचं दिसलं तर लो-ई लेप आहे. तावदानांच्या मध्येच धुरकट दिसत असेल तर सील गेलंय, आणि ते पुसून निघत नाही.

पण ताई, माझा खरा मुद्दा काचेचा नाही, फटीचा आहे. सरकत्या दाराला कडेने ब्रशसारखी पट्टी असते. दार तिच्यावरून घासत जातं, ती कधीच घट्ट दाबली जात नाही. बिजागरीचं दार बंद करताना रबर दाबून बसतं. म्हणून जागा असेल तर इथे ज्याला गार्डन डोअर म्हणतात ते बिजागरीचं दार घ्या, असंच मी सांगेन. टेबलामुळे सरकतंच हवं असेल तर लिफ्ट-अँड-स्लाइड बघा. ते महाग पडतं, पण हँडल फिरवलं की दार खाली बसून रबरावर टेकतं.

आणि बसवणारा माणूस. आम्ही तिहेरी काचेचं उत्तम दार घेतलं, तरी पहिल्याच जानेवारीत खालच्या कोपऱ्यात बर्फ धरला. धाकटी तेव्हा रांगत होती, आणि तिथली लादी हात ठेववणार नाही इतकी गार. शेवटी लाकडी पट्टी उचकटली तर चौकट आणि भिंत यांच्यामधली फट पूर्ण रिकामी. ठेकेदाराने फोम भरलाच नव्हता. तेव्हा पट्टी ठोकायच्या आधी स्वतः उभं राहून बघा: उंबरठ्याखाली पाणी बाहेर काढणारा सिल पॅन घातलाय का, चौकट लेव्हलमध्ये आहे का, कमी फुगणारा फोम सगळीकडे गेलाय का. कोटेशनमध्येही हे लिहून घ्या.

आपल्या स्वयंपाकाचा भागही मोठा आहे. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, घरात वाळत घातलेले कपडे, सगळी वाफ शेवटी त्या काचेवर जाऊन बसते आणि रात्री गोठते. बाहेर उणे ३० असताना घरातली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. एक छोटा आर्द्रतामापक आणा, आणि स्वयंपाकघरातला पंखा हवा खरंच घराबाहेर सोडतो का तेही तपासा, काही नुसती खोलीतच फिरवतात. दारासमोर जमिनीत गरम हवेची जाळी असते, तिच्यावर सोफा किंवा जाड पडदा येऊ देऊ नका.

पहिल्या हिवाळ्यात घाईने दार बदलू नका. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिक फिल्मचा किट मिळतो, तो चौकटीला चिकटवून हेअर ड्रायरने ताणायचा. तेवढ्यावर पहिलं वर्ष निघतं, आणि नवं दार उन्हाळ्यात नीट बसवून घेता येतं.

दार कोणत्या दिशेला आहे आणि समोर दार उघडायला साधारण तीन फूट मोकळी जागा आहे का, एवढं कळवा. मग गार्डन डोअर बसेल की नाही ते सांगते.