जुनं अनुदान सॉफ्टवेअर बदलताय? आधी ताळमेळ, मग टेंडर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थांना अनुदान देण्यासाठी तुमच्या आयुक्तालयात वापरतात ते सॉफ्टवेअर २००८ पासून चालू आहे. ते व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे, लिहिणारे निवृत्त झालेत आणि सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रामचा मजकूर, अर्धाच सापडतोय. सल्लागार म्हणतात, सगळं मोडून सहा महिन्यांत वेबवर नवीन करून देतो. टेंडरचा मसुदा तुमच्याकडे अभिप्रायाला आलाय.

तो आहे तसा पुढे पाठवू नका. सॉफ्टवेअर बदलायलाच हवं, यात वाद नाही. व्हीबी६ च्या डेव्हलपमेंट साधनांचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २००८ मध्येच थांबवला, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर सुरू झालं त्याच वर्षी. पण तुम्ही दिलेल्या मुद्द्यांत स्क्रीन किती, रिपोर्ट किती, मोबाइल ॲप हवं का, हे सगळं आहे. प्रत्येक संस्थेकडे आज किती रक्कम अखर्चित आहे, हा आकडा कोण आणि कशावरून ठरवणार, याबद्दल मात्र एक ओळ नाही. अनुदानाच्या यंत्रणेचा जीव त्या आकड्यात असतो. मंजुरी आदेश, हप्ता, खर्च, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), शिल्लक आणि तिच्यावरून पुढचा हप्ता ही साखळी तुटली, तर सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापालांच्या पथकासमोर दाखवायला तुमच्याकडे काही राहत नाही.

मी लेखा शाखेच्या बाजूनं अशी दोन कामं केली आहेत. पहिल्या कामात आम्हीही घाईच केली होती. त्या जुन्या प्रोग्रामात एका संस्थेला एका वर्षात एकच मंजुरी आदेश टाकता येत असे. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणी मंजूर झाली की जादा रकमेचा दुसरा आदेश निघायचा आणि तो नोंदवायला जागाच नसायची. आमच्या शाखेतल्या वरिष्ठ सहायक बाईंनी यावर वाट काढली होती. संस्थेच्या नावापुढे एक टिंब द्यायचं आणि तीच संस्था पुन्हा नोंदवायची. तिसरा आदेश आला तर दोन टिंबं. कुठल्या टिंबाचा पैसा कुठल्या लेखाशीर्षातला (अर्थसंकल्पातल्या कुठल्या सदरातला), हे बाईंच्या खणातल्या एका लांबट वहीत लाल शाईनं लिहिलेलं असायचं.

कंपनीच्या मुलांनी डेटा स्वच्छ करताना नावापुढची टिंबं काढली आणि एकसारख्या नावांच्या नोंदी डुप्लिकेट समजून पुसल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग काय झालं, तर पुरवणी अनुदान घेतलेल्या संस्थांची मिळालेली रक्कम घटली आणि उपयोगिता प्रमाणपत्रं मात्र पूर्ण रकमेची राहिली. मिळाल्यापेक्षा जास्त खर्च केला म्हणून नवी यंत्रणा त्यांचा पुढचा हप्ता अडवायला लागली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणाचा पैसा होता तो. बाईंना शेजारी बसवून, त्या वहीवरून एकेक नोंद परत बसवायला आम्हाला चार महिने लागले.

म्हणून सगळ्यात आधी लेखा शाखेतल्या माणसांजवळ बसा. ‘शेरा’ या रकान्यात आजवर जे जे लिहिलं गेलंय त्याची यादी काढा आणि प्रत्येक शेऱ्याचा अर्थ विचारा. प्रोग्रामात नसलेले नियम तिथेच सापडतात.

मग डेटा. त्या काळातला असेल तर मराठी मजकूर बहुधा आयएसएम किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असेल, म्हणजे युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत नव्हे. कन्व्हर्टर मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांवर ते अडखळतात. त्याहून फसवं म्हणजे ‘कऱ्हाड’सारखं नाव. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ या वेगळ्या अक्षरानं, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन गावं, दोन संस्था. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. संस्था ओळखायला नावावर भिस्त ठेवूच नका, नोंदणी क्रमांक धरा.

बँक खात्यांचे आकडे एक्सेलमधून फिरवू देऊ नका. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या नेमकी ठेवतं. पुढच्या अंकांचे शून्य होतात आणि सुरुवातीचे शून्य गळतात. खाते क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच न्या. आयएफएससी, म्हणजे बँक शाखांचे कोड, तर सगळे नव्यानं तपासा. २०१९ आणि २०२० च्या विलीनीकरणात देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, अलाहाबाद अशा बँका गेल्या आणि त्यांचे जुने कोड २०२१ मध्ये बंद झाले. जिल्ह्यांचंही तसंच. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. डहाणूच्या संस्थेचा २०१२ चा आदेश ठाण्याचाच राहायला हवा आणि तिची आजची शिल्लक पालघरात दिसायला हवी. जिल्ह्याच्या नोंदीला ‘कधीपासून, कधीपर्यंत’ अशा तारखा नसतील तर हे जमणार नाही.

केंद्र पुरस्कृत योजना तुमच्याकडे असतील तर आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ पासून अशा प्रत्येक योजनेचा पैसा राज्य पातळीवरच्या एकाच नोडल (मध्यवर्ती) बँक खात्यात ठेवायची पद्धत आली आणि खालच्या संस्थांना खर्चाची मर्यादा मिळायला लागली. तुमचं २००८ चं सॉफ्टवेअर ‘वितरित’ म्हणजे ‘संस्थेच्या खात्यात जमा’ असं धरून चाललेलं आहे. नव्या यंत्रणेत मर्यादा दिली, रक्कम प्रत्यक्ष गेली, खर्च झाला अशा तीन वेगळ्या अवस्था हव्यात. हे मसुद्यात आत्ताच लिहून घ्या, नंतर प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

बीम्स (राज्याची निधी वाटपाची ऑनलाइन यंत्रणा) आणि कोषागाराचं (सरकारी तिजोरीचं) काम पुन्हा बांधू नका. बीम्सचा प्राधिकारपत्र (रक्कम काढायच्या परवानगीचा) क्रमांक आणि कोषागाराचा प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक प्रत्येक हप्त्याला जोडलेला असला की पुरे. दर महिन्याचा ताळमेळ त्या दोन क्रमांकांवरच करायचा असतो.

सगळं एकदम बदलण्याऐवजी तुकड्यातुकड्यानं बदला. ताडाच्या बेचक्यात पिंपळ रुजतो, हळूहळू खाली मुळं सोडतो आणि ताड असेपर्यंत त्याच्याच आधारानं उभा राहतो, तसं. दुसऱ्या कामात आम्ही आधी फक्त उपयोगिता प्रमाणपत्रं नव्या यंत्रणेत घेतली. मग एक लहान योजना पूर्ण हलवली आणि तिचे दोन हप्ते दोन्हीकडे काढून पाहिले. रुपयाचा फरक आला तरी थांबायचं, असं ठरवलं होतं. फरक आला काही रुपयांचा. जुना प्रोग्राम प्रत्येक विद्यार्थ्यामागे पूर्णांक करत होता, नवा शेवटी एकदाच. कुठलं बरोबर, हे शासन निर्णय काढून ठरवलं आणि मगच पुढे गेलो.

अंतिम बदल जानेवारी ते मार्च अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये वर्षअखेरच्या शिलका पक्क्या होऊ द्या, प्रत्येक संस्थेकडून तिची शिल्लक सहीनिशी मान्य करून घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये बदला. करारात सोर्स कोड, डेटाबेसची पूर्ण प्रत आणि रकान्यांचा अर्थ सांगणारा दस्तऐवज दर टप्प्याला तुमच्या ताब्यात येईल असं लिहा, आणि त्याशिवाय देयक नाही असंही. जुना सर्व्हर भंगारात काढू नका. त्याची प्रत फक्त वाचण्यापुरती जिवंत ठेवा, कारण लेखा आक्षेप आणि कोर्टाची प्रकरणं दहा-दहा वर्षं मागची निघतात.

या आठवड्यात एवढं करा: वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या वीस संस्था निवडा आणि मूळ नस्तीतल्या आदेशांवरून त्यांची आजची शिल्लक हातानं काढा. सॉफ्टवेअरमधल्या आकड्याशी किती जुळतात ते टिपणीत लिहा. सहा महिने पुरतील का, याचं उत्तर त्यातूनच वरिष्ठांसमोर जाईल. आणि तुमच्या शाखेतही अशी वही कुणाच्या तरी खणात असेलच. ती मागून घ्या, पानन्‌पान स्कॅन करा आणि वही लिहिणाऱ्यांची निवृत्ती कधी आहे तेही विचारून ठेवा.